पोर्ट पासष्ट टक्केच भरलेत, मग एंगेज का लागतो?

मागच्या अंकात ऑफिसच्या व्हॉइसमेलबद्दल, म्हणजे फोन करणाऱ्याचा मेसेज रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या सिस्टीमबद्दल, चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच लागला, म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकलं. पोर्ट हा शब्द सारखा येणार आहे तर आधीच सांगतो, एक पोर्ट म्हणजे सिस्टीमशी एका वेळी एकच माणूस, मग तो मेसेज ठेवत असो नाहीतर ऐकत असो. पोर्ट चार आणि पाचवा आला की त्याला एंगेज टोन.

प्रश्न : सर नमस्कार, आमची पंप आणि ठिबकची एजन्सी आहे. शेतकरी तक्रार फोनवर रेकॉर्ड करून ठेवतात, आमचे मेकॅनिक बाहेरूनच फोन लावून त्या ऐकतात आणि पुढच्या वाडीवर जातात. सिस्टीम ४ पोर्टची. वेंडरने घेताना हिशोब दिला होता, महिन्याला ७,८०० मेसेज, २६ दिवस, रोज १० तास, म्हणजे तासाला ३०, एकेक कॉल सव्वा मिनिटाचा, ४ पोर्ट भरपूर झाले. तरी लोक ओरडतात की एंगेज लागतो. म्हणून रिपोर्ट काढला, सगळ्यात गर्दीचा तास सोमवारी १० ते ११, त्यात ७१ मेसेज आणि मेकॅनिकचे १५ कॉल, त्यांचा एक कॉल साधारण साडेचार मिनिटं चालतो. पण त्या तासाला पण पोर्ट युटिलायझेशन ६५ टक्केच आहे! पस्तीस टक्के रिकामं असताना एंगेज कसा लागेल? लोक उगाच बोलतात का मशीन खराब आहे? — एक वाचक, सांगली

उत्तर : लोक खरं बोलतायत आणि मशीनही ठणठणीत आहे. रिपोर्ट अर्धीच गोष्ट सांगतोय.

आधी वेंडरचं बघू. तासाला ३० कॉल गुणिले ७५ सेकंद म्हणजे २,२५० सेकंद, तासात असतात ३,६००, भागाकार केला की ०.६२५. याला ०.६२५ अर्लांग म्हणायचं. एक लाइन तासभर एक सेकंदही न सुटता चालू राहिली तर १ अर्लांग. आता शंभरातल्या एकाला एंगेज लागला तर चालेल असं धरून, किती लोडला किती पोर्ट ते सांगणारं अर्लांगचं टेबल उघडलं तर ४ पोर्ट ०.८६९ अर्लांगपर्यंत झेलतात, म्हणजे गुणाकार भागाकार सगळं बरोबर आहे हो, पण महिन्याची सरासरी काढून पोर्ट ठरवायचे म्हणजे विरार लोकलची सकाळी आठची गर्दी आणि दुपारी दोनची गर्दी एकत्र करून बसायला जागा आहे म्हणून सांगण्यातला प्रकार झाला. आणि मेकॅनिकचे ऐकायचे कॉल तर त्याने धरलेलेच नाहीत, ते बहुतेक वेंडर धरत नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात व्हॉइसमेल म्हणजे फक्त मेसेज ठेवणारा.

आता तुमचा सोमवार. ७१ गुणिले ७५ झाले ५,३२५ सेकंद. १५ गुणिले २७० झाले ४,०५० सेकंद. बघा, कॉल फक्त १५ पण वेळ जवळजवळ तेवढाच खाल्ला. बेरीज ९,३७५, भागिले ३,६००, २.६ अर्लांग. त्याला ४ पोर्टने भागा, ६५ टक्के. तुमचा रिपोर्ट इथवर तंतोतंत.

फक्त हे सगळे आत घुसलेल्यांचे सेकंद आहेत. ज्याला एंगेज लागला तो या रिपोर्टमधे कुठेच नाही, कारण तो सिस्टीमपर्यंत पोचलाच नाही, आणि न पोचलेल्याला सिस्टीम मोजणार कशी? म्हणून उलटं गणित करायचं, किती लोड आला असता तर ४ पोर्टमधून २.६ आत गेला असता. साडेतीन अर्लांग धरून बघा, त्याच अर्लांगच्या हिशोबाने ४ पोर्टवर साडेतीन आला की २६ टक्के कॉल परत जातात आणि उरलेले ७४ टक्के म्हणजे २.५९ आत जातात. जुळलं. म्हणजे तुमच्या ६५ टक्क्यांचा अर्थ पस्तीस टक्के जागा शिल्लक आहे असा नाही, तर दर चौथा शेतकरी परत जातोय असा आहे. कॉल रांगेत शहाण्यासारखे एकामागून एक येत नाहीत, दोन मिनिटं शांतता आणि मग एकदम सहा जण, त्या सहांतले दोन गेले आणि पुढच्या शांततेत पोर्ट रिकामे बसले, सरासरीत ते रिकामे दिसतात. पोर्ट कमी असले की हे जास्तच जाणवतं. ३० लाइनचा मोठा ग्रुप शंभरात एक एंगेज ठेवून २०.३ अर्लांग ओढतो, म्हणजे दोन तृतीयांश भरूनही निवांत असतो, ४ चा ग्रुप तसाच निवांत ठेवायचा तर फक्त २२ टक्के भरायचा.

एक खोच आहे. एंगेज लागलेला माणूस गप्प बसत नाही, रिडायल मारतो, त्यातले काही नंतर आत येतात आणि ते तुमच्या ७१ मधे आधीच मोजले गेलेत. त्यामुळे खरी मागणी २.६ आणि ३.५ च्या मधे कुठेतरी. मी साडेतीनच धरेन, कारण चिडून दुसऱ्या एजन्सीला फोन लावलेला गिऱ्हाईक कुठल्याच आकड्यात येत नाही. नक्की बघायचं असेल तर व्हॉइसमेलचा रिपोर्ट सोडा, तुमच्या ईपीएबीएक्सला, म्हणजे ऑफिसच्या फोन एक्स्चेंजला, विचारा त्या हंट ग्रुपवर (एकाच नंबरमागे लावलेल्या लाइनच्या गटावर) ऑल बिझी किती वेळा झालं, नाहीतर टेलिकॉम कंपनीकडून फेल कॉलची यादी मागा. पीआरआय, म्हणजे एकाच केबलवर ३० चॅनेल, असेल तर कॉज कोड १७ म्हणजे बिझी आणि ३४ म्हणजे चॅनेल शिल्लक नाही, सिप, म्हणजे इंटरनेटवरून येणारी लाइन, असेल तर ४८६ आणि ५०३ शोधा.

साडेतीन अर्लांगला ६ पोर्ट लावले तर शंभरातले ८ परत जातात, ८ लावले तर दोनाच्या आत, ९ लावले की एकाच्या आत. पण लगेच ९ पोर्टचं लायसन्स घ्यायला पळू नका. तुमचा चाळीस टक्क्यांवर लोड मेकॅनिकचा आहे, तो मेसेज त्यांच्या मोबाइलवर ईमेलने ऑडिओ फाइल म्हणून जाऊ द्या, जवळपास प्रत्येक सिस्टीममधे ही सोय असते, बंद पडलेली असते एवढंच. मग उरतात साधारण २ अर्लांग, त्याला ६ पोर्टवर शंभरात जेमतेम एक एंगेज. आणि तुमचं ग्रीटिंग ऐकून घ्या एकदा. "आपले स्वागत आहे, आम्ही १९८० पासून आपल्या सेवेत" वगैरे पंचवीस सेकंद चालत असेल तर दहावर आणा. सव्वा मिनिटाचा कॉल एक मिनिटाचा झाला की २ चा लोड १.६ वर येतो, शेतकऱ्याला पण बरं वाटेल.

हे सगळं करायच्या आधी एक बघा, बाहेरून येणाऱ्या लाइनच किती आहेत. लाइन पण चारच असतील आणि त्याच लाइनवर ऑफिसातली माणसंही बोलत असतील तर पोर्ट सोळा केले तरी एंगेज तसाच.

प्रश्न : मी पॅथॉलॉजी लॅबचं अॅडमिन बघते. रिपोर्ट तयार झाला का हे विचारणारे मेसेज खूप येतात. आमच्याकडे प्रत्येक पंधरा मिनिटांचे कॉल मोजलेले आहेत, पण नेमका कोणता तास घ्यायचा आणि किती दिवसांचा डेटा घ्यायचा ते कळत नाही. आमच्या शीटप्रमाणे ९ ते १० मधे ७२ कॉल, १० ते ११ मधे ६७. एक दिवस तर कॅम्प होता तेव्हा दीडशेच्या वर गेले, तो धरू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, पंधरा मिनिटांचे आकडे ठेवलेत हेच अर्धं काम झालं, बहुतेक ठिकाणी दिवसाची बेरीज हातात देतात आणि त्यातून काही काढता येत नाही.

तुमच्या शीटमधे ९ पासून पावपाव तासाचे आकडे असे आहेत, ९, १२, २४, २७, मग २५, २२, ११, ९. गर्दी साडेनऊला चढते आणि साडेदहाला उतरते. घड्याळाचा तास घेतला की ती बरोबर मधून कापली जाते आणि दोन्ही तास मध्यमच दिसतात. साडेनऊ ते साडेदहा घ्या, २४ अधिक २७ अधिक २५ अधिक २२, झाले ९८. बाहत्तरच्या जागी अठ्ठ्याण्णव. तर तास असा पंधरा पंधरा मिनिटांनी सरकवत न्यायचा आणि सगळ्यात मोठा निघेल तो धरायचा.

दिवसांचं म्हणाल तर निदान चार आठवडे तरी घ्या, आणि रोजचा वेगवेगळा तास नको, सगळ्या दिवसांत मिळून जो एक तास सगळ्यात जड तोच रोज घ्यायचा. मग त्यातले जास्त गर्दीचे पाच ते दहा दिवस निवडून त्यांची सरासरी. कॅम्पचा दिवस बाजूला ठेवा. वर्षातून चार कॅम्प होत असतील तर त्या दिवशी एखादी मुलगी फोनवर बसवणं पोर्ट विकत घेण्यापेक्षा स्वस्त. पण दर सोमवारी तसंच होत असेल तर तो अपवाद नाही, तो तुमचा धंदाच आहे, तो धरा.

कॉल किती वेळ चालतो हे काढताना लोक एक गोष्ट करतात, ग्रीटिंग ऐकून फोन ठेवणारे उडवून टाकतात कारण त्यांनी मेसेज ठेवला नाही. उडवू नका, ते दहा सेकंद का होईना पोर्ट अडवतातच. सगळे सेकंद बेरीज करा आणि एकूण कॉलने भागा. काही कॉल दहा सेकंदांचे काही तीन मिनिटांचे म्हणून घाबरू नका, अर्लांगच्या सूत्राला सरासरी सोडून दुसरं काही लागत नाही, कॉल एकसारखे लांबीचे असोत नाहीतर विस्कळीत, उत्तर तेच येतं.

प्रश्न : सर मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टमधे व्हॉइसमेल आणि कॉल सेंटर दोन्ही आहे. अर्लांग बी वापरू का अर्लांग सी? गाइड म्हणतात कुठलंही चालेल. — पुणे

उत्तर : कुठलंही नाही चालणार. जागा नाही मिळाली की माणूस निघून जातो तिथे बी, म्हणजे व्हॉइसमेल. जागा नाही मिळाली की माणूस गाणं ऐकत थांबतो तिथे सी, म्हणजे कॉल सेंटर. वरचंच उदाहरण घे, साडेतीन अर्लांग आणि ६ पोर्ट, बी म्हणतं शंभरातले ८ परत गेले. त्याच सहाच्या मागे रांग लावली तर सी म्हणतं शंभरातल्या साधारण १८ जणांना थांबावं लागलं, आणि थांबणाऱ्याला सरासरी पाऊण मिनिट. आकडे वेगळे कारण प्रश्नच वेगळा. व्हॉइवामधे हमखास विचारतील म्हणून सांगतो, अर्लांग हा माणूस, डेन्मार्कचा, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता, पहिला पेपर १९०९ चा आणि ही सूत्रं १९१७ ची. हातात मोजमाप आणि कागद, कॉम्प्युटर नावाची वस्तू नव्हती. त्याचं नाव एककाला मिळालं ते १९४६ साली, तो जाऊन सतरा वर्षं झाल्यावर.

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, १२,००० सभासद. पावसाचा अंदाज किंवा बाजारभाव ३० सेकंदांचा रेकॉर्ड करून सगळ्यांना कॉल लावतो. एक पीआरआय, ३० चॅनेल. सिस्टीम लावणारा म्हणाला पावणेदोन तासात सगळ्यांना जाईल. आम्ही सकाळी ८ ला चालू करतो आणि जेवायची वेळ होते तरी संपत नाही. शिवाय त्या दिवशी आमचा ऑफिसचा नंबर पण कोणाला लागत नाही. निम्म्या लोकांनी तर फोन उचललेलाच नसतो, तरी एवढा वेळ का? — एक वाचक, लातूर

उत्तर : निम्म्यांनी उचललेला नसतो म्हणूनच एवढा वेळ.

पावणेदोन तास कुठून आले ते सांगतो. ६,००० जणांनी उचलला, प्रत्येकी ३० सेकंद, १,८०,००० सेकंद म्हणजे ५० तास, भागिले ३० चॅनेल, १ तास ४० मिनिटं. हा बिलाचा हिशोब झाला. पण चॅनेलला बिलाशी काही घेणंदेणं नाही, तिकडे रिंग वाजत असते तेव्हाही चॅनेल अडकलेलाच असतो, फुकट अडकलेला असतो एवढाच फरक. समजा उचलणारा १५ सेकंदांनी उचलतो, म्हणजे त्याचे ४५ सेकंद. न उचलणाऱ्याकडे रिंग ४० सेकंद वाजून कट होते. ६,००० गुणिले ४५ आणि ६,००० गुणिले ४०, बेरीज ५,१०,००० सेकंद, जवळपास १४२ तास, ३० ने भागा, पावणेपाच तास. आठला चालू केलं की पाऊण वाजला. आणि न उचलणाऱ्यांना परत लावायचं सेटिंग चालू असेल, तुमच्या वर्णनावरून ते असणारच, तर संध्याकाळच.

तुमच्या सिस्टीमच्या कॉल रेकॉर्डमधे, ज्याला सगळे सीडीआर म्हणतात, वेळाचे दोन कॉलम असतात. अॅस्टरिस्क या फुकट मिळणाऱ्या फोन सॉफ्टवेअरवर चालणारी सिस्टीम असेल तर एकाचं नाव ड्युरेशन, दुसऱ्याचं बिलसेक. बिलसेक फोन उचलल्यापासून मोजतो, ड्युरेशन कॉल सुरू झाल्यापासून. कपॅसिटी काढायची तर नेहमी ड्युरेशन. बिलसेक अकाउंटंटला द्या.

बाहेर जाणाऱ्या कॉलला टेबलबिबल काही लागत नाही, कारण कधी किती लावायचे हे तुमच्याच हातात आहे, साधा भागाकार पुरतो. गारपीट येणार आहे आणि तासाभरात सगळ्यांना कळवायचंय? मग १४२ चॅनेल लागतील, म्हणजे जवळजवळ ५ पीआरआय, आणि वर्षातून चार वेळा लागणाऱ्या गोष्टीसाठी कोणी ५ पीआरआयचं भाडं भरत नाही. ते काम त्या दिवसापुरतं बाहेरच्या व्हॉइस कॉल सर्व्हिसवर टाका. रोजच्या भावासाठी रिंगची वेळ ४० वरून २५ करून बघा, पावणेपाचचे चारच्या आत येतात, फक्त उशिरा उचलणारे थोडे सुटतील, तुमचे सभासद शेतात असतात आणि फोन बांधावरच्या पिशवीत असतो तर किती सुटतात ते एक दिवस मोजून मगच ठरवा.

ऑफिसचा नंबर न लागण्याचं कारण पण हेच. आपल्याकडे मिस्ड कॉल दिसला की माणूस परत लावतोच, कोण होतं बघायला. न उचललेल्या ६,००० पैकी समजा ६०० जणांनी एका तासात परत लावला आणि प्रत्येकाने ४० सेकंद घेतले तर २४,००० सेकंद, म्हणजे ६.६७ अर्लांग, त्याला शंभरात एक एंगेज धरून १४ लाइन पाहिजेत. तुमच्याकडे शिल्लक आहेत शून्य, तीसच्या तीस बाहेर कॉल लावतायत! तर येणाऱ्यांसाठी काही चॅनेल राखून ठेवा, ईपीएबीएक्समधे तसं सेटिंग असतं, आणि जमलं तर परत लावणाऱ्याला तोच मेसेज आपोआप ऐकू येईल असं करा, तो खूश आणि तुमचा परत लावायचा एक कॉल वाचला. जाता जाता, भावाच्या मेसेजमधे खताची जाहिरात घुसवत असाल तर ट्रायचे २०१८ चे नियम लागतात, रजिस्ट्रेशनशिवाय साध्या नंबरवरून ढिगाने जाहिरातीचे कॉल लावता येत नाहीत, नंबर बंद होतो.

प्रश्न : सीए ऑफिस आहे, नवीन सिस्टीम घेतोय. रोज साधारण ६० मेसेज, सरासरी ५० सेकंद. वेंडर २ टीबीची डिस्क घ्या म्हणतोय, वर्षभराचे मेसेज ठेवायचे तर लागेल म्हणे. खरं का? — एक वाचक, वाशी

उत्तर : त्याच्याकडे डिस्क पडून असेल.

साध्या टेलिफोन क्वालिटीचा आवाज, ज्याला जी ७११ म्हणतात, सेकंदाला ८,००० बाइट खातो, म्हणजे मिनिटाला ४८० केबी. तुमचे ६० मेसेज म्हणजे रोजची ५० मिनिटं, २४ एमबी. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ७.२ जीबी. जीएसएम नावाच्या दाबून छोट्या केलेल्या फॉरमॅटमधे ठेवले तर मिनिटाला १०० केबीच्या आत, वर्षाला दीड जीबी. किल्लीला लावलेल्या पेनड्राइव्हमधे मावेल. पूर्वी, डिस्क महाग होती तेव्हा, व्हॉइसमेल सिस्टीम पोर्टबरोबर तासांवर पण विकली जायची, इतके तास रेकॉर्डिंग इतके पैसे, त्या काळची विक्रीची सवय अजून गेलेली नाही.

तुमचा प्रॉब्लेम डिस्क नाही, मेलबॉक्सची लिमिट आहे. अॅस्टरिस्कमधे काही न बदलता ठेवलं तर मेलबॉक्सच्या एका फोल्डरला १०० मेसेज. तुमचे एक पार्टनर दिवाळीत गावाला गेले आणि त्यांना रोज १२ मेसेज येत असतील तर नवव्या दिवशी मेलबॉक्स फुल, त्यानंतरच्या प्रत्येक क्लायंटला मेलबॉक्स भरला आहे असं ऐकवून वाटेला लावणार. आणि गंमत अशी की हा कॉल रेकॉर्डमधे आन्सर्ड म्हणूनच पडतो. उलट कॉल छोटे झाल्यामुळे अर्लांग कमी होतात, पोर्ट मोकळे दिसतात, ग्राफ बघणारा म्हणतो वा, लोड कमी झाला. कॉलची सरासरी वेळ एका आठवड्यात सव्वा मिनिटावरून अर्ध्या मिनिटावर आली की आधी मेलबॉक्स बघायचे, मग खूश व्हायचं.

आणि तुमच्याकडचा डेटा एका आठवड्याचा नकोच. सीए ऑफिसचा महिना सपाट नसतो, जीएसटीच्या रिटर्नमधे जीएसटीआर १ ची ११ तारीख, ३बी ची २० तारीख, आणि वर्षाला एकदा इन्कम टॅक्स रिटर्नची जुलैअखेर. २५ ते ३० तारखेचा आठवडा मोजलात तर २ पोर्टची सिस्टीम घेऊन बसाल.

प्रश्न : इथे आमच्या क्लिनिकच्या जुन्या सिस्टीमचा ट्रॅफिक रिपोर्ट सीसीएसमधे येतो, बिझी आवरला ९४ दाखवतो. हे किती झालं? आणि भारतातलं टेबल इथे चालेल का? — एक वाचक, डॅलस, अमेरिका

उत्तर : एक सीसीएस म्हणजे १०० सेकंद, तासात ३,६००, म्हणून ३६ सीसीएसचा १ अर्लांग. तुमचे ९४ म्हणजे २.६, सांगलीच्या एजन्सीएवढंच, काय योगायोग. टेबल जगभर एकच, फक्त लाइन विकत घ्यायचे गठ्ठे वेगळे, आपल्याकडे पीआरआय ३० चा, तुमच्याकडे २३ चा. पण तुमच्याकडे जुनी अमेरिकन पुस्तकं सापडली तर बघून घ्या, त्यातली बरीचशी टेबलं पॉइसन नावाच्या दुसऱ्या सूत्रावर असतात, ती त्याच लोडला थोडे जास्त पोर्ट सांगतात. बाय द वे, तुम्ही ज्या गावात आहात तिथूनच हा व्हॉइसमेलचा धंदा सुरू झाला, गॉर्डन मॅथ्यूज यांची व्हीएमएक्स कंपनी डॅलसची, त्यांनी पेटंटचा अर्ज १९७९ मधे केला आणि ते १९८३ मधे मिळालं, पहिलं मोठं गिऱ्हाईक थ्रीएम.

प्रश्न : दापोलीला रिसॉर्ट आहे. मे महिना आणि ३१ डिसेंबरला बुकिंगचे मेसेज एवढे येतात की लाइन मिळत नाही, बाकी वर्षभर फोन झोपलेला. मोठी सिस्टीम घेऊ का? — एक वाचक

उत्तर : नको. सिप ट्रंक घ्या आणि सीझनपुरते चॅनेल वाढवून घ्या, बऱ्याच कंपन्या महिन्याच्या हिशोबाने देतात, करार करतानाच लिहून घ्या की वाढवायला किती दिवस आणि कमी करायला किती, दुसरं कोणी विचारत नाही आणि मग अडकतात. एका कॉलला जी ७११ वर जायला साधारण ८७ आणि यायला तेवढेच केबीपीएस धरा, १० कॉल म्हणजे एका बाजूला १ एमबीपीएसच्या आत, इंटरनेट त्याला कमी पडत नाही. कमी पडते ती लाइट, तर राउटरला इन्व्हर्टर लावा. आणि डेटा मागच्या मे चाच घ्या, या जुलैचा नको.

प्रश्न : हे अर्लांगचं टेबल कुठे मिळेल? एक्सेलमधे काढता येतं का? सॉफ्टवेअर विकत घ्यायची तयारी नाही. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येतं की. एक्सेलमधे अर्लांग नावाचं फंक्शन नाही, पण पॉइसन डॉट डिस्ट आहे, तेच दोनदा वापरायचं. पहिल्यात पोर्टची संख्या, अर्लांग आणि फॉल्स, दुसऱ्यात तेच दोन आकडे आणि ट्रू, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. भागाकार येतो तो एंगेज लागणाऱ्यांचा वाटा. म्हणजे असं, पॉइसन.डिस्ट(४,३.५,फॉल्स)/पॉइसन.डिस्ट(४,३.५,ट्रू), अर्थात टाइप इंग्रजीत करायचं. ०.२६ आलं तर सूत्र बरोबर बसलंय. मग एका कॉलममधे १ ते ३० पोर्ट लिहा, अर्लांगची एक सेल वर लॉक करा आणि सूत्र खाली ओढा. ४ च्या जागी ९ आलं की ०.००६६ दिसेल. ०.०१ च्या खाली पहिल्यांदा ज्या ओळीत जाईल तेवढे पोर्ट, आणि तो कागद वेंडर यायच्या आधी प्रिंट काढून ठेवा.